मागावरचं उरलेलं सूत, कोन आणि पंचकार्डं : लक्ष्म्यांच्या आराशीला काय करता येईल?

गोंडेवाली
नमस्कार मंडळी, इथं चर्चेचा धागा काढायची माझी पहिलीच वेळ. सोलापुरात साखर पेठेत आमचं घर, खालच्या जागेत ४ माग होते, जेकॉर्डच्या, म्हणजे विणीतच नक्षी उठणाऱ्या चादरी निघायच्या. माग बंद होऊन ३ वर्षं झाली. परवा मार्कंडेयाच्या रथाला पाहुणे येणार म्हणून खालची खोली झाडायला काढली तर पोत्यामागून पोती निघाली. सुताचे अर्धवट कोन, लाल हिरवा केशरी जांभळा काळा, कुठला किलोभर कुठला पावशेर, म्हणजे एकाही रंगात चादर बसणार नाही एवढंच. रिकामे पुठ्ठ्याचे कोन तर २०० च्या वर. बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, संपलं की मागात ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची शेवटची टोकं राहतात ना हात-दीड हात लांबीची, ती सासूबाईंनी कधी टाकूच दिली नव्हती, जुडग्या बांधून ठेवलेल्या. कापलेल्या दशांचं एक पोतं वेगळंच. आणि पंचकार्डांच्या, म्हणजे नक्षीसाठी मागाला लावायच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या ३ माळा, एकेक माळ उचलायला दोघं लागले.

आमच्याकडं लक्ष्म्या, म्हणजे गौरी, उभ्या असतात, पिलवंडांसकट, म्हणजे त्यांच्या बाळांसकट. दरवर्षी मागची आरास विकत आणतो, कधी चकचकीत पडदा कधी प्लास्टिकची फुलं, आणि पुढच्या वर्षी ती काढली की रंग उडालेला असतो. थर्मोकोल तर २०१८ साली राज्यात बंद झालं तेव्हापासून आम्ही घरात आणलंच नाही. यंदा मनात असं आलंय की एक रुपयाचं काही विकत आणायचं नाही, या खोलीत जे निघालं त्यातूनच सगळं करायचं. तोरण, मागचा पडदा, पिलवंडांचे कपडे, पायऱ्यांच्या कडा. सूत कोणत्या कामाला कोणतं घ्यायचं, कोनांचं काय करू, आणि पंचकार्डं कापून जाळीचे कंदील केले तर कसे दिसतील? भोकांतून उजेड छान पडेल असं वाटतंय. हाताशी ३ आठवडे आहेत, जाऊबाई आणि मुली मदतीला आहेत.

सुई_दोरा
ताई वाचूनच हात शिवशिवायला लागले. आधी एक काम करा, सूत वेगळं करून घ्या, कारण सगळे कोन सुतीच असतील असं नाही, मधल्या काळात पॉलिस्टरही आलं होतं मागांवर. टोक चिमट्यात धरून काडी लावा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरली जाते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतो, तो गरम असताना हात लावू नका, चिकटतो. सुताचे गोंडे फुलतात, पॉलिस्टरचे सरळ लोंबतात आणि गाठ सुटते, म्हणून पॉलिस्टर ओवायला, टांगायला, बांधायला ठेवा.

दुसरं, लाल आणि काळा रंग तपासा. पांढरं फडकं ओलं करून धाग्यावर दाबून ओढा, रंग लागला तर तो धागा पांढऱ्याशेजारी नको.

गोंडा असा करा. ४ बोटं रुंद पुठ्ठा घ्या, त्याला ६० वेढे द्या, वरच्या कडेनं दोरा ओवून घट्ट गाठ, खालून कात्री चालवा. मग मानेला दुसऱ्या रंगाचे १०-१२ वेढे आणि शेवटचं टोक सुईनं आत ओढून घ्या, बाहेर गाठ दिसता कामा नये, गोंड्याची सगळी शोभा मानेत असते. एका गोंड्याला साधारण ९ मीटर दोरा जातो. ३ फुटी दाराला ३-३ इंचावर लावले तर दोन्ही टोकांचे धरून १३ गोंडे लागतील, म्हणजे ११७ मीटर. पावशेर सुतात घरातल्या सगळ्या दारांची तोरणं होतील तुमची. धागा फारच बारीक असला तर दोन पदर एकत्र घ्या.

कुंभारीची_लेक
ताण्याच्या जुडग्यांबद्दल सांगते. ताण्याला कांजी केलेली असली तर तो धागा कडक राहतो, तसाच गोंडा केला तर झाडूसारखा दिसतो. रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी पाणी पांढरट होईल ते ओता, अजून दोन पाण्यातून काढून सावलीत वाळवा. मागाच्या तेलाचे डाग असतील तिथं आधी साबण चोळा. पण सगळा ताणा भिजवू नका, थोडा कडकच ठेवा, तो कोनाला गुंडाळायला बरा पडतो, सरकत नाही.

आमच्या घरी आई विड्या वळायची, अजूनही वळते. विडी बांधायच्या दोऱ्याची जी रिळं तळाला येतात त्याचे रंगीत दोरे ती साठवायची आणि आम्ही बतकम्माच्या, म्हणजे फुलांच्या सणाच्या दिवसांत त्यानं फुलं बांधायचो. उरलेल्यातून करायचं हे आमच्या पूर्व भागात कुणी शिकवावं लागत नाही, घरात दोराच एवढा असतो.

जुना_जॉबर
ताई, पंचकार्डं कापू नका ओ. हात जोडून सांगतो. बाकी सगळ्याचं काय करायचं ते करा, त्याला कात्री लावू नका.

तुम्हाला ती भोकं दिसतात, मला त्यात कापड दिसतंय. साधं सांगायचं तर एक कार्ड म्हणजे बाण्याचा, आडव्या धाग्याचा, एक फेरा. भोक आहे तिथं सुई आत जाते, वरचा हुक उचलला जातो आणि ताण्याचा तेवढा धागा वर येतो, बाणा त्याच्याखालून जातो. भोक नाही तिथं धागा खालीच. असं एकामागं एक कार्ड फिरतं तेव्हा मोर उठतो, वेल उठते, देवळाचं शिखर उठतं. एक कार्ड फाटलं की नक्षीत रेघ पडायची आणि मालक आम्हाला विचारायचा. माळ शिवणारी माणसं वेगळी, भोकं पाडणारी वेगळी, आलेखाच्या कागदावर चौकट भरून नक्षी काढणारा कारागीर वेगळा. एका चादरीमागं एवढे हात लागायचे. आता डिझाइन कॉम्प्युटरवर होतं आणि पेनड्राइव्हमधून मागाला जातं, ते चांगलंच आहे, काम सोपं झालं, पण त्यामुळं ही कार्डं पुन्हा कोणी पाडणार नाही. मी ३१ वर्षं जॉबर म्हणून, मागांची जोडणी-दुरुस्ती करत, मागाखाली बसलोय. भंगारात रद्दीच्या भावानं गेलेल्या माळा डोळ्यांनी बघितल्यात. तुमच्याकडं ३ राहिल्यात.

आरसेवाली
काका तुमचं मन समजतं, पण मला वेगळं वाटतंय ते बोलते. पोत्यात भरून परत खोलीत ठेवल्या तर वाळवी आणि कसर खाणारच, मग कोणाच्या नजरेला न पडता संपतील. ताईंनी कंदील केले तर निदान दरवर्षी घरातली पोरं विचारतील ही भोकं कसली. माझ्या आजीच्या कांचळीवरचे आरसे आणि कवड्या मी उसवून तोरणात लावल्यात, तीही कोणाला तरी पाप वाटेल. आमच्या तांड्यावर तर जुनं कधी तसंच ठेवत नाहीत, घागरा झिजला की त्याची चांगली पट्टी नव्या चोळीवर, ती झिजली की चुंबळीवर, चुंबळीचीही कवडी शेवटी पोराच्या कमरेला. वस्तू वापरात राहिली तरच टिकते.

आणि ताई, आरसे लावणार असाल तर चिकटवू नका, टाक्यानं बसवा. आरशावर आधी उभे-आडवे ४ दोरे टाकून चौकट करायची, मग त्या चौकटीत सुई अडकवत गोल काजटाका घालायचा. तुमचं सूत यासाठी एकदम बरोबर. फुटक्या आरशाच्या कडा आधी पाट्यावर घासून घ्या.

जुना_जॉबर
आरसेवाली ताई, तुमच्या आजीच्या कवड्या तुम्ही सुट्या केल्या तरी प्रत्येक कवडी कवडीच राहिली. माळेतलं एक कार्ड सुटं केलं की ते नुसता भोकाचा पुठ्ठा होतो. एवढाच फरक सांगायचा होता. पण ठेवून कुजवू नका हे तुमचं म्हणणं मला पटलं.

पेठेतला_इंजिनियर
मध्येच एक भर. जोसेफ मारी जॅकार्डनं फ्रान्समध्ये ल्यों शहरात १८०४ च्या सुमारास हा माग दाखवला आणि पुढं चार्ल्स बॅबेजनं त्याच्या गणिती यंत्रासाठी हीच भोकांच्या कार्डांची कल्पना घेतली. कॉम्प्युटरच्या इतिहासात हे पहिल्या धड्यात येतं. आम्ही ते कॉलेजात पुस्तकात वाचलं आणि घरामागच्या गल्लीत खटखट आवाज करत तेच चाललेलं, कोणी दाखवलं नाही. ताई, कार्डं कापू नका या मताचा मी आहे.

मंगळवेढ्याचा_कडबा
मागच्या आराशीला सांगाडा लागेल तुम्हाला. बांबू-खिळ्यांच्या नादी न लागता ज्वारीची चिपाडं घ्या. लहानपणी आपण सगळ्यांनी चिपाडाची बैलगाडी केलीय, तेच तंत्र. वरची साल नखानं सोलली की आतला पांढरा गाभा निघतो, हलका, मऊ, थर्मोकोलसारखाच कापता येतो, आणि सोललेल्या सालीच्या काड्या हाच खिळा, त्याच टोचून जोड द्यायचा, चिकटपट्टीसुद्धा लागत नाही. सालीची कड ब्लेडसारखी असते, पोरांच्या हातात देताना जपून.

खांब करायचे तर न सोललेली ५ चिपाडं एकत्र धरून वरून खालपर्यंत तुमचं रंगीत सूत गुंडाळा, एक पट्टा लाल एक केशरी, गुळगुळीत खांब होतो. त्यावर गाभ्याची कमळं टोचा. मागच्या साली मी गणपतीला असं मखर केलं, आमच्या पट्ट्यातला मालदांडी ज्वारीचा कडबा उंच असतो, ५-६ फुटांचे सरळ तुकडे सहज निघतात. आधी २ दिवस कडक ऊन दाखवा, नाहीतर आत किडा असतो. शेजारी समई ठेवू नका, वाळलेलं चिपाड आहे. रंग दिला नसेल तर नंतर तोडून खतात घालता येतं.

सुई_दोरा
चिपाडाची कल्पना फार आवडली!! मी शहरातच वाढले, आजोळी अक्कलकोट रोडला वस्तीवर जायचो तेव्हा करायचो गाड्या, किती वर्षांनी आठवलं.

कारहुणवी
अक्कलकोट तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडं ज्येष्ठी पुनवेला कारहुणवी, त्या दिवशी बैलांना सजवायचं. पूर्वी वडील सुताचे गोंडे घरीच करायचे, आता बाजारात नायलॉनचे चमकी मिळतात, स्वस्त पडतात पण बैलाच्या कानामागं घासतात, जनावर मान झटकत राहतं. तुमच्याकडच्या दशा उरल्या तर मला कळवा, मी पोतंच नेतो आणि योग्य पैसे देतो. म्होरकीला, म्हणजे बैलाच्या तोंडावरच्या दोरीला, दशांची वेणी घालायची, तीनपदरी नको चौपदरी, गोल वळते आणि रुतत नाही.

बाराबंदी
आमचं शिवणकाम. सिद्धेश्वर यात्रेच्या आधी बाराबंद्या शिवतो, पांढरं सुती कापड कितीतरी उरतं आणि वर्षभर युनिफॉर्मचं कटिंग, चेक्स, खाकी, नेव्ही ब्लू. चिंधी म्हणून किलोवर जाते. ताई तुमच्या पिलवंडांच्या कपड्यांना पांढरं देऊ शकतो, बाराबंदीला बारा बंद लागतात त्या बंदांच्या पट्ट्याही उरलेल्या आहेत, त्याची किनार सुरेख होते.

पुठ्ठ्याच्या कोनांचं सांगतो, उलटा ठेवला की आपोआप बाहुलीचं धड. निमुळत्या टोकावर कापसाचा गोळा कापडात बांधून डोकं करा, घेराला युनिफॉर्मच्या चेक्सचं लुगडं नेसवा. मुलींना हे काम द्या, एका दुपारी १०-१२ होतील. गोंदाऐवजी घरची खळ करा, मैदा नाहीतर चिंचोक्याचं पीठ पाण्यात शिजवून. ग्लूगननं लावलेलं आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे मध्ये निसटतं, सोलापूरचा उन्हाळा त्याला सोसत नाही. खळ कापडात मुरते.

गोंडेवाली
सगळ्यांचे किती आभार मानू. रोज रात्री जेवणं झाली की आम्ही बायका हा धागा मोठ्यानं वाचतोय.

पंचकार्डांचं ठरवलं. जॉबर काकांचं लिहिलेलं मी घरात वाचून दाखवलं. ३ माळांपैकी एक पावसाचं पाणी लागून सुटलेली आहे, बरीच कार्डं उंदरांनी कुरतडलीत, मधली किती गेली तेही कळत नाही. फक्त तिचे कंदील करायचे. बाकी दोन्ही अख्ख्या आहेत, शिवणीसकट, त्यांना कात्री लावायची नाही. आरसेवाली ताईंचंही ऐकायचं होतं, पोत्यात परत भरायच्या नव्हत्या. तर त्यातली एक माळ अख्खीच्या अख्खी लक्ष्म्यांच्या मागं टांगायची, साडी वाळत घालतात तशी घड्या घालून, आणि मागून दिव्यांची माळ सोडायची. एलईडीची, तापणारी नाही, आणि कार्डांपासून वीतभर लांब. काका, असं चालेल का? माळेवर ताण येऊन शिवण उसवणार नाही ना?

जुना_जॉबर
चालेल. लई चांगलं केलं. ओझं शिवणीच्या दोरीवर देऊ नका. ३-३ फुटांवर घडी घालून प्रत्येक घडीच्या आतून एक काठी जाऊ द्या, काठ्या वरून टांगा, मग ओझं काठीवर राहतं. मागावर पण तशीच असते ती, तारांवर लोंबते. आणि पहिलं कार्ड कुठलं ते बघून ठेवा, त्यावर बहुतेक काहीतरी लिहिलेलं असतं.

कुंभारीची_लेक
फोटो टाका हो ताई, कळ सोसवेना.

गोंडेवाली
लक्ष्म्या काल उठल्या. पाय दुखतायत पण आज लिहायचंच होतं.

आधी जे बिघडलं ते सांगते म्हणजे दुसऱ्या कोणाला उपयोग होईल. लाल रंग तपासला होता पण जांभळा तपासायचा राहिला, भिजवलेल्या जुडग्या एकत्र वाळत घातल्या आणि पांढऱ्या ताण्याला जांभळे डाग पडले, ती अख्खी जुडी बाजूला काढावी लागली. कोनांच्या बाहुल्या हलक्या असल्यानं पंखा लावला की पडायच्या, मग आत मूठभर ज्वारी पुरचुंडीत बांधून बसवली. पहिले ३० गोंडे एकसारखे झालेच नाहीत, मुलीनं ६० च्या जागी मनाला येतील तेवढे वेढे दिलेले. ते मी उसवले नाहीत, मागच्या दाराला लावले, तिचे आहेत.

बाकी सगळं मनासारखं झालं. चिपाडाचे ४ खांब, लाल-केशरी पट्ट्यांचे. पुढच्या दाराला १३ गोंड्यांचं तोरण, प्रत्येक गोंड्यावर एक आरसा काजटाक्यानं. पिलवंडांना बाराबंदीच्या कापडाचे अंगरखे, खरंच बंद लावून. वरून फुलोरा टांगायलासुद्धा आमचाच दोरा. करंज्या, वेण्या, पापड्या सगळं त्या लाल सुतावर, तो लाल पक्का निघाला.

आणि मागं माळ. संध्याकाळी घरातले दिवे बंद करून मागचे लावले तेव्हा कोणी काही बोलेचना. हजारो भोकं, सगळ्यांतून उजेड, आणि लक्ष्म्यांच्या साडीवर त्याचे ठिपके. हळदी-कुंकवाला आलेल्या बायका वाती विसरून तिथंच उभ्या. शेजारच्या काकू मागावर कांड्या भरायच्या आयुष्यभर, त्या नुसत्या कार्डांना हात लावून बघत होत्या.

मला मुख्य सांगायचंय ते मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं. माग विकले त्या दिवसापासून ते खालच्या खोलीत आले नव्हते. आम्ही माळ टांगत होतो तर वरून आवाज ऐकून उतरले, काही न बोलता काठी सरळ केली, मग म्हणाले उलटी लावलीय. आम्ही परत काढली. त्यांनी पहिलं कार्ड शोधलं, चष्मा काढून डोळ्याजवळ धरलं. कोपऱ्यात पेन्सिलीनं 'वेलमोर' लिहिलेलं, पुसट. ते त्यांचंच अक्षर. म्हणाले, ही किनार मी आणि तुझ्या आत्याबाईंनी (म्हणजे माझ्या सासूबाईंनी) मिळून ठरवलेली, मोर आधी डावीकडं बघायचा, तिनं समोरासमोर करायला लावले. मग पाऊण तास ते माझ्या मुलीला दाखवत बसले, इथं चोच, इथं पिसारा सुरू, हे सलग भोकं आहेत ना तिथं वेल वळते. सासूबाई दारात उभ्या होत्या पदर तोंडाला लावून.

सासूबाईंच्या पेटीत त्या नक्षीची एक चादर होती. कोणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पूजनाला तीच पायऱ्यांवर अंथरली, मागं कार्डं आणि पुढं चादर.

जुना_जॉबर
ताई, दोनदा वाचलं. मामांना माझा नमस्कार सांगा. वेलमोर मी चालवलाय असं वाटतंय, दुसऱ्या कारखान्यात, पण मोर डावीकडं बघणारा. तुमची दुसरी माळ कुठली नक्षी आहे?

आरसेवाली
काका, तुमचं ऐकलं ते बरं झालं. मी चुकीचं सुचवत होते या एका बाबतीत.

गोंडेवाली
आरसेवाली ताई, तुम्ही बोलला नसता तर मी घाबरून दोन्ही माळा पोत्यात परत ठेवल्या असत्या, आणि मग मामा खाली कशाला आले असते.

काका, दुसऱ्या माळेचं पहिलं कार्ड फाटलंय, नाव नाही. मामा म्हणतात अंथरून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, रविवारी गच्चीवर उलगडायची ठरलीय. तुम्हाला जमलं तर या, दोघं मिळून बघाल, मी पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते.

कारहुणवी दादा, दशांचं पोतं तुमच्यासाठी बांधून ठेवलंय, पैसे नकोत, म्होरकीचा फोटो मात्र पुढच्या ज्येष्ठात इथं टाका. कोन अजून १४० शिल्लक आहेत, कोणाला शाळेतल्या मुलांसाठी हवे असतील तर सांगा. जांभळा मात्र मी कोणाला देत नाहीये, तो अजून रंग सोडतोय.

बाराबंदी
४० कोन मला. गल्लीतल्या पोरांना दिवाळीच्या किल्ल्यावर बुरूज करायचेत.

मंगळवेढ्याचा_कडबा
बुरुजाला बाहेरून माती लिंपा आणि वरून हळीव पेरा, ४ दिवसांत हिरवं होतं. २० मलाही ठेवा ताई, पुढच्या आठवड्यात मार्केट यार्डात येणं आहे.